बेगमी करावी, पण बेतानं!

मैत्रिणींनो, २४ मार्च २०२० ची ती संध्याकाळ तुमच्याआमच्यापैकी कुणीच विसरलेलं नसेल. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. आमच्या डोंबिवलीत १९९९ पासून निघणारी नववर्षाची शोभायात्रा त्या वर्षी रद्द झालेली. २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद. मी श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवला होता. रात्री ८ वाजता टीव्हीवर सांगण्यात आलं, की आज मध्यरात्रीपासून २१ दिवस सारा देश बंद. अन् काय सांगू, पाचव्या मिनिटाला आमच्या इमारतीच्या जिन्यात चपलांचा आवाज सुरू झाला!

मीही धावलेच. दूध, औषधं, किराणा मिळत राहील असं सांगितलं जात होतं, पण ऐकतंय कोण? कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ही गर्दी! हाताला लागेल ते पिशवीत टाकलं. घरी येऊन पाहते तो ४ किलो रवा, ३ किलो मैदा, ५ किलो साखर, ५ किलो तूरडाळ आणि साबुदाणा तर इतका, की श्रावणापर्यंतचे उपास निघावेत. ‘हे सगळं ठेवायचं कुठं?’ असं आमच्या ह्यांनी विचारलं, तेव्हा मला रागच आला होता.

खरी फजिती पुढेच होती. तिसऱ्या दिवशी सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तीनच उरल्यात.’’ घरात ४ किलो रवा, पण रोज लागणारी गोळी नाही! त्याच दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजींचा फोन आला. दोघंच नवराबायको, मुलं परगावी. म्हणाल्या, ‘‘तुझ्याकडे वाटीभर तूरडाळ असेल का गं? वाण्याकडे संपलीय म्हणतात.’’

वाण्याकडची डाळ संपवली होती कुणी? मीच ना! माझ्यासारख्या आणखी दहाजणींनी! मी डाळ पोहोचवली, पण आजींच्या नजरेला नजर देणं जड गेलं. त्या दिवशी मनाशी ठरवलं, की पुन्हा असा प्रसंग आला तर वहीपेन्सिल घेऊन बसायचं, पिशवी घेऊन धावायचं नाही. त्या वहीतलंच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

बेगमी आपल्याला नवी नाही

खरं म्हणजे घरात पुरवठा करून ठेवणं हे आपल्या रक्तातच आहे. ठाणे-कल्याणच्या खाडीकाठच्या आणि कोकणातल्या घरांतून पावसाळ्यापूर्वी ‘आगोट’ भरायची पद्धत होती. मिरगाच्या आत धान्य, मसाले, सुकी मासळी, मीठ, लाकूडफाटा सगळं घरात यायचं, कारण एकदा पाऊस लागला की वाटा बंद. घाटावर हीच तऱ्हा वाळवणांची. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट नि हळद. आपल्या आज्यांनी चार महिन्यांचा ‘लॉकडाऊन’ दरवर्षी निभावला, फक्त त्याला हे नाव नव्हतं, इतकंच.

नंतर आपण ब्लॉकमध्ये आलो. माळे गेले, कोठ्या गेल्या. खाली वाणी, समोर भाजीवाला, तेव्हा साठवण कशाला, असं वाटू लागलं. पण गाडीवर जगणाऱ्या आपल्या गावांना अधूनमधून फटका बसतच आला आहे. १९७४ च्या मे महिन्यात ८ ते २७ तारखेपर्यंत रेल्वेचा संप झाला. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरकडच्या वस्त्यांत शिरलं, तेव्हाही कितीतरी घरी माणसं वेळेवर परतली नाहीत.

आणि २०२० मध्ये एकदा टाळेबंदी होऊन भागलं नाही. जूनमध्ये जरा हायसं वाटतंय, तोवर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी २ जुलैपासून पुन्हा कडक टाळेबंदी लावली. आधी १२ जुलैपर्यंत म्हणाले, मग १९ पर्यंत वाढली. १० दिवसांचे १७ दिवस झाले. आदल्या दिवशी बाजारात तीच झुंबड! म्हणजे ज्या रोगाला भिऊन घरात बसायचं, तो पिशवीतून घरी आणायची व्यवस्था.

त्यातून मी एक हिशेब शिकले. घरात नेहमी १५ दिवसांचं सामान हवं, ३ महिन्यांचं नको. आणि ते एका रात्रीत आणायचं नाही. दर महिन्याच्या यादीत दोन-तीन जिनसा थोड्या जास्त आणायच्या. दोन महिन्यांत डबे भरतात, खिशाला कळत नाही आणि वाण्याचं दुकानही रिकामं होत नाही.

चार माणसांचे १५ दिवस

हे आमच्या घरचं प्रमाण. तुमच्या घरच्या खाण्याप्रमाणे कमीजास्त करा.

कणीक १० ते ११ किलो (एका किलोत साधारण ३० ते ३५ पोळ्या होतात. रोजच्या २४ पोळ्या धरल्या आहेत), तांदूळ ६ किलो, तूर-मूग-मसूर मिळून डाळी ३ किलो, मटकी-मूग-चवळी-हरभरा मिळून कडधान्यं २ किलो, बेसन १ किलो, पोहे १ किलो, रवा १ किलो, शेंगदाणे १ किलो, तेल दीड लिटर, साखर २ किलो, चहा ३०० ग्रॅम, मीठ १ किलो, दूध पावडर अर्धा किलो. याखेरीज गूळ, चिंच, आमसुलं, हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग. आमसूल आणि हिंग विसरू नका. नुसत्या डाळभाताला चव आणणारे हेच.

गव्हाबद्दल एक सूचना. शेजारच्या वहिनींकडे चांगले १० किलो गहू होते, पण गिरणीचा माणूस गावी गेलेला नि गिरणीला कुलूप! गहू भिजवून, शिजवून, मिक्सरमध्ये फिरवून त्यांनी दोन दिवस खीर केली. तिसऱ्या दिवशी मुलंच कंटाळली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची घरघंटी सगळ्या इमारतीच्या उपयोगी पडली. तेव्हा निदान आठवड्याचं पीठ दळलेलं असू द्यावं.

डब्यात पोरकिडे होऊ नयेत म्हणून

नुसतं भरून ठेवणं म्हणजे साठवण नव्हे. आपली हवा दमट. पावसाळ्यात तर रव्यात आठ दिवसांत जाळी धरते. रवा आणल्याबरोबर कोरडाच मंद आंचेवर भाजून, गार करून भरावा. तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालावा. डाळींना कडक ऊन दाखवावं. गच्ची नसेल तर गॅलरीत कागदावर पसरावी. डबा आणि चमचा दोन्ही ठणठणीत कोरडे हवेत. आणि नवा माल जुन्याच्या खाली! वरचं आधी वापरायचं. डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायला एक मिनिट लागतं.

भाजीचं गणित नाशाच्या क्रमानं करावं. पहिले दोन-तीन दिवस पालेभाज्या. मग भेंडी, वांगी, फ्लॉवर. त्यानंतर कोबी, गाजर, दुधी. शेवटी लाल भोपळा, सुरण, कांदेबटाटे. अखंड भोपळा कितीतरी दिवस टिकतो, चिरला की चारच. कांदे आणि बटाटे शेजारी ठेवू नयेत, बटाट्यांना लवकर कोंब येतात. कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळावी. भाजी संपलीच तर मोड आलेली कडधान्यं, पिठलं, सांडग्यांची आमटी, डाळकांदा आहेतच. सुगरणीचं कसब भरल्या टोपलीत दिसत नाही, रिकाम्या टोपलीत दिसतं.

त्या दिवसांत कितीजणींनी भाजी साबणाच्या पाण्यात धुतली! मीही तेच केलं. टोमॅटोच्या सारालाच फेसाचा वास आला आणि सगळं ओतून द्यावं लागलं. भाजीला स्वच्छ वाहतं पाणी पुरे. साबण आपल्या हातांसाठी, आणि तो मात्र निदान २० सेकंद चोळून.

वाण्याच्या यादीत नसलेलं

*औषधं.* आमच्या सासूबाईंच्या तीन गोळ्यांची गोष्ट सांगितलीच. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, दमा, ज्याचं जे रोजचं औषध असेल ते निदान १ महिन्याचं घरात हवं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. थर्मामीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात असावा. विश्रांती घेऊनही आकडा ९४ च्या खाली जात असेल तर काढ्यावर विसंबू नका, ताबडतोब डॉक्टरांना विचारा.

*जुलाब-उलट्यांसाठी.* मेडिकलमधली पावडर हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण बदलू नये, विशेषतः मिठाचं.

*साफसफाई.* ब्लीचिंगचं द्रावण आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही बाटल्या वेगळ्या ठेवा, मुलांच्या हाताला न लागतील अशा.

*गॅस.* १४.२ किलोचं सिलिंडर आमच्याकडे साधारण दीड महिना जातं. दुसरं लावलं की त्याच दिवशी नंबर लावायचा, हा नियम नेहमीसाठीच चांगला. डाळी-कडधान्यं भिजवून कुकरला लावली तर गॅस वाचतो.

*कागदपत्रं आणि पैसा.* रेशनकार्ड, आधारकार्ड, विम्याचे कागद एका पिशवीत. थोडी रोकड, तीही सुट्या नोटांत. आणि रेशनकार्डाला कमी लेखू नका. २०२० च्या मे-जूनमध्ये केशरी कार्डावरही ८ रुपये किलोनं गहू आणि १२ रुपये किलोनं तांदूळ मिळाले. कार्ड कपाटाच्या तळाशी पडलेल्या कितीजणींची तेव्हा शोधाशोध झाली!

घरातल्या बाईचं काय?

मैत्रिणींनो, बेगमीत एक गोष्ट मोजायची राहूनच जाते. ती म्हणजे आपली स्वतःची शक्ती. माणसं सगळी घरात, भूक चौपट. एकाची ऑफिसची मीटिंग, दुसऱ्याची मोबाईलवर शाळा, आणि भांडी मात्र आपल्याच वाट्याला. काहीजणींना तर घरी बसायचीही मुभा नव्हती. रुग्णालयात, पालिकेत काम करणाऱ्या कितीतरीजणी लोकल बंद असताना एस.टी.च्या बसनं मुंबईला जात होत्या, आणि परतल्यावर अंघोळ करून पुन्हा चुलीपाशी. सर्व महिलांना लोकलमध्ये चढायची परवानगी मिळायला २१ ऑक्टोबर २०२० उजाडला, तीसुद्धा ठरावीक वेळातच.

म्हणून डब्यांच्या यादीशेजारी कामांची यादीही लावा. केर कुणाचा, भांडी कुणाची, कपडे वाळत कोण घालणार. आमच्या ह्यांनी पहिल्या आठवड्यात भांडी घासताना दोन कप फोडले. मी काही बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात कुकर चकचकीत! ‘त्यांना काय जमणार’ असं म्हणून आपणच काम ओढून घेतो, ती सवय सोडावी.

उंबऱ्याबाहेरची बेगमी

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चाळीत राहतात. चार घरची कामं, आणि चारही घरं एका दिवसात बंद. रोज आणून रोज खाणाऱ्यानं १५ दिवसांचं काय भरायचं? एप्रिलमध्ये त्यांना फोन केला तर म्हणाल्या, ‘‘ताई, रेशनचे तांदूळ मिळालेत, पण तेलमिठाचं काय?’’ तेव्हा रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळत होतं, शिवभोजनाची थाळी ५ रुपयांना होती, आणि त्याचा मोठा आधार झाला. पण तेल, तिखट, साबण, मोबाईलचं रिचार्ज कोण देणार? आम्ही चौघीजणींनी ठरवून त्यांचा पगार चालू ठेवला. उपकार म्हणून नाही. त्यांच्या हातांवर आपली घरं इतकी वर्षं चालली होती.

तेव्हा तुमच्या वहीचं शेवटचं पान इमारतीसाठी ठेवा. एकटे-दुकटे वृद्ध कुठल्या मजल्यावर आहेत, कुणाला कुठलं औषध लागतं, कुणाकडे घरघंटी आहे, इंजेक्शन देता येणारं कुणी आहे का, पाण्याचा पंप बिघडला तर कुणाला कळतं, हे सगळं तिथे लिहा. मोबाईल नंबर कागदावर असावेत. भांडण झालेल्या शेजारणीचाही नंबर लिहा, बरं का!

बेगमी आणि साठेबाजी यांत फरक एवढाच. आपल्या घराला पुरेल ती बेगमी. शेजारच्या घरातली वाटी रिकामी करते ती साठेबाजी. आता मी महिन्याच्या सामानात तूरडाळ थोडी जास्तच आणते, पण एका दमात नाही. आणि त्यातली १ किलो वेगळ्या डब्यात असते. त्या डब्यावर आमचं नाव नाही. तळमजल्यावरून वाटी घेऊन कुणी आलंच, तर ‘संपलीय’ म्हणावं लागू नये, म्हणून.

आज दुपारी कामं आटोपली की एक वही घ्या आणि पहिली ओळ लिहा, घरात कोणाची कुठली गोळी किती दिवस पुरेल. रव्याचं नंतर बघू!