तांदळातलं नाव, पासपोर्टवरचं नाव
(लेखमाला 'सीमेपलीकडची सोयरीक' : भाग ५)

लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो. पुण्याच्या एका घरात ब्राझीलहून आलेल्या सुनेचं नाव असंच 'मीरा' ठेवलं गेलं. तिलाही ते फार आवडलं. घरच्यांनी हौसेने विवाह नोंदणीच्या अर्जातही मीरा, पुढे नवऱ्याचं नाव, पुढे सासरचं आडनाव असंच भरलं. तिच्या पासपोर्टवर मात्र जन्माचं नाव होतं आणि ब्राझीलच्या रीतीप्रमाणे आईकडचं आणि वडिलांकडचं अशी दोन आडनावं. दोन वर्षांनी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा कागदोपत्री प्रश्न उभा राहिला: दाखल्यावरची ही मीरा कोण? प्रतिज्ञापत्रं झाली, दाखल्याच्या दुरुस्तीचे अर्ज झाले, आणि कितीतरी महिने नुसते हेलपाट्यांत गेले.

म्हणून या आठवड्यात पहिली गोष्ट हीच सांगतो. तांदळात लिहिलेलं नाव घरात प्रेमाने वापरा, पण सरकारी कागदावर पासपोर्टवरचंच नाव जाऊ द्या, स्पेलिंगसकट, आडनावांच्या क्रमासकट.

मागच्या भागात परदेशातून आणायचे कागद आपण पाहिले: जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, त्यांवरचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं प्रमाणीकरण. आता लग्न आणि लग्नानंतरची वाट.

हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर वधू-वर दोघंही हिंदू असावे लागतात. ख्रिस्ती जोडीदाराशी देवळात माळा घातल्या, सप्तपदी केली, तरी कायद्याच्या नजरेत ते लग्न ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली गुल्लीपिल्ली सोवरिया राज खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे. विधी जरूर करा, पण आधार विशेष विवाह कायदा, १९५४ चा घ्या. दोघांपैकी एकजण नोटीस देण्याआधी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. आपला मुलगा किंवा मुलगी इथेच राहत असेल तर ही अट आपोआप पुरी होते. मग विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस लागते, हरकतीसाठी तीस दिवस थांबावं लागतं, आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांची सुटी काढून आलेल्या जोडीदाराला हे गणित कधीच जमत नाही, आणि विमानाची तिकिटं काढून झाल्यावर ते कळतं तेव्हा दोन्ही घरांचा जीव टांगणीला लागतो. निदान दोन महिने हाताशी ठेवून या. ते शक्य नसेल तर परदेशात लग्न करून दाखला इथे आणता येतो. तिथल्या आपल्या वकिलातीत विदेशी विवाह कायदा, १९६९ खालीही लग्न लागू शकतं.

शंभर वर्षांपूर्वी ही वाट याहून कितीतरी अवघड होती. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० साली एडिथ कोहन या जर्मन ज्यू विदुषीशी लग्न केलं. तेव्हा १८७२चा विवाह कायदा होता, पण त्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू, ख्रिस्ती, ज्यू असा कोणताच धर्म मानत नाही, असं दोघांनाही जाहीर करावं लागे. केतकरांनी व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू करून घेतलं आणि त्या शीलवती झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय साहित्याच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या 'मिसेस एस. केतकर' त्या याच. आज विशेष विवाह कायदा कुणाला धर्म सोडायला किंवा घ्यायला लावत नाही. घरचे कुणी तसा आग्रह धरत असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

लग्नाचा दाखला हातात आला की बहुतेकांना वाटतं, झालं, आता ही इथलीच. तसं होत नाही. भारतीय नागरिकाशी लग्न केल्याने नागरिकत्व मिळत नाही आणि इथे राहण्याचा हक्कही आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा आहे, एक्स-२ नावाचा, भारतीय नागरिकाच्या परदेशी पती-पत्नीसाठी. तो शक्यतो बाहेरूनच, आपल्या वकिलातीतून घेऊन यावं. इथे असतानाच लग्न झालं तर व्हिसा बदलून मागता येतो, पण मंजुरी अधिकाऱ्यांच्या हाती असते. म्हणून पर्यटक व्हिसाची मुदत संपायला चार दिवस उरलेले असताना अर्ज करायची पाळी स्वतःवर येऊ देऊ नका. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. मुंबईत ती एफआरआरओकडे (परकीय नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी कार्यालयाकडे) होते, जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकांकडे. अर्ज आता ऑनलाइन भरला जातो. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या जुन्या परकीय नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. तेव्हा पाच वर्षांपूर्वी मावसभावाने कसं केलं होतं, त्यावर विसंबू नका.

पडताळणीसाठी पोलीस घरी येतात तेव्हा सासूबाईंना धडकी भरते. सोसायटीत काय म्हणतील? पण ही चौकशी एवढ्याचसाठी असते की दोघं खरंच एकत्र राहतात का. भाडेकरार, विजेचं बिल, संयुक्त खात्याचं पासबुक, लग्नाचे फोटो एका फाइलमध्ये नीट लावून ठेवा. सुनेला दोन वाक्यं मराठीत बोलता येत असतील तर बोलू द्या, पण शेजाऱ्यांना पढवून ठेवू नका. खऱ्या संसाराला त्याची गरज नसते.

ओसीआय कार्ड मिळालं की ही सगळी नोंदण्यांची धावपळ थांबते. पती-पत्नीच्या नात्याने ते मिळायला लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि अर्जाआधी ते लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. म्हणून दाखल्याला उशीर लावू नका. काही घरांत लग्न धूमधडाक्यात होतं आणि नोंदणी 'नंतर बघू' म्हणून राहून जाते. अर्जाची वेळ आली की ते 'नंतर' फार महागात पडतं. कार्ड आलं की आयुष्यभर ये-जा करता येते. मतदान मात्र करता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. २०२१ च्या अधिसूचनेनुसार पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण अशा कामांसाठी वेगळी परवानगी लागते. जोडीदार, किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबा कधीकाळी पाकिस्तानचे वा बांगलादेशचे नागरिक असतील तर ही वाट बंद आहे. त्यांना व्हिसावरच राहावं लागतं. समलिंगी जोडप्यांसाठी तर पहिलंच दार उघडलेलं नाही, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्ड घटस्फोट झाला की रद्द होऊ शकतं. बारा वर्षं इथे राहिलेली, मुलांच्या शाळेच्या डब्याची वेळ पाठ असलेली, मराठीत भांडणारी बाई नवऱ्यापासून वेगळी झाली की तिच्या पायाखालची जमीनच सरकते. नवऱ्याने 'जा तुझ्या देशात' म्हटलं तर त्या शब्दांना कायद्याचं वजन मिळतं. घरात मारहाण सोसणारी परदेशी सून याच भीतीने गप्प बसते. मुलं भारतीय असतील तर आईला त्यांच्याजवळ राहण्याचा स्वतंत्र आधार कायद्यातच हवा, असं माझं ठाम मत आहे.

नागरिकत्व हवं असेल तर वाट आणखी लांब आहे. नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली सात वर्षांचं वास्तव्य लागतं: अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. शिवाय आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे मूळ देशाचा पासपोर्ट सोडावा लागतो. म्हाताऱ्या आईला भेटायला स्वतःच्याच देशात व्हिसा काढून जावं लागेल, हा विचार करून कितीजण ओसीआयवरच थांबतात. त्यांना कमी भारतीय समजू नये.

ही वाट चालून गेलेलं एक नाव आपल्या सांगली जिल्ह्यातलं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी इथे आल्या. १९७६ साली त्यांचं भारत पाटणकरांशी लग्न झालं, त्या कासेगावच्या सून झाल्या आणि १९८३ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. सासूबाई इंदुताई स्वातंत्र्यसैनिक होत्या. २०२१ मध्ये गेल कासेगावातच गेल्या.

त्या काळी हे दार फक्त सुनांसाठी होतं. १९५५ च्या मूळ कायद्यात भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या 'स्त्रियां'चाच उल्लेख होता. भारतीय मुलीचा परदेशी नवरा लग्नाच्या नात्याने अर्जच करू शकत नव्हता. सून घरात येते आणि जावई पाहुणा असतो, ही आपल्या घरातली समजूत कायद्यातही तशीच उतरली होती. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' आला. तरी परवाच एका आईने मला विचारलं, 'आमचा जावई जर्मन आहे, त्यालाही हा एक्स-२ मिळतो का हो?' मिळतो, मावशी. सुनेला जसा मिळतो तसाच.

त्याच मावशींचा दुसरा प्रश्न नातवाबद्दल होता. मुलगा बर्लिनला जन्मला, आई भारतीय, वडील जर्मन. मग तो कोण? १९९२ पर्यंत याचं उत्तर वेगळं होतं. पुढच्या आठवड्यात तेच पाहू.