लोखंडाच्या थरांतली जुळी लय

३१ डिसेंबर २०१३ ही तारीख सोलापूरकरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका लयीत जोडले गेले. अशा जोडणीत नुसती तार ओढून भागत नाही. दोन्हीकडच्या विजेची स्पंदने आधी जुळवावी लागतात. स्पंदन कोणत्या टप्प्यावर आहे, याला भौतिकशास्त्रात 'कला' म्हणतात. जोडणीनंतर वीज किती आणि कोणत्या दिशेने वाहणार, हे दोन्ही बाजूंच्या कलांमधील फरकावर ठरते.

हाच नियम पदार्थाच्या सूक्ष्म जगातही आढळतो. आमच्या जुळे सोलापुरात घरोघरी येणारी वीज वाटेत तारा तापवते आणि थोडी वाया जाते. काही पदार्थ मात्र अतिशय थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध शून्य होतो. त्यांना अतिसंवाहक म्हणतात. १९११ साली कामरलिंग ओन्स यांना पाऱ्यात हा गुण प्रथम आढळला. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात आणि कसलेल्या लेझीम पथकासारख्या त्या सगळ्या एकाच कलेत चालतात.

१९६२ साली केंब्रिजमधील अवघ्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने एक भाकीत केले. दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा अगदी पातळ पडदा असला, तरी जोड्या तो ओलांडतील आणि कोणताही विद्युतदाब न लावता प्रवाह वाहील. तो किती असेल, हे ठरवणार दोन्हीकडच्या कलांमधला फरक. दाब लावला, तर प्रवाह पुढे-मागे हेलकावे घेऊ लागेल. एका मायक्रोव्होल्टला सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख हेलकावे! भाकीत खरे ठरले आणि १९७३ साली जोसेफसन नोबेलचे मानकरी झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत क्वांटम संगणकाचे भाग घडवले जातात, तेही अशाच सांध्यांपासून.

आता लोखंडाकडे वळू. चुंबकत्व इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडते, म्हणून लोखंड हा अतिसंवाहकतेचा वैरीच समजला जाई. २००८ साली जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह आणि आर्सेनिक असलेले एक संयुग उणे २४७ अंश सेल्सिअसला अतिसंवाहक होते असे दाखवले, आणि या समजुतीला धक्का बसला. त्याच वर्षी अशा संयुगांतली मर्यादा उणे २१८ अंशांपर्यंत वर सरकली.

या संयुगांची रचना थरांची असते. आपल्या कडक भाकऱ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा आणि दर दोन भाकऱ्यांमध्ये शेंगाचटणी पसरली आहे असे समजा. भाकरी म्हणजे लोह-आर्सेनिकचा थर, चटणी म्हणजे मधला ऑक्साइडचा थर. चटणीचा थर पुरेसा जाड असेल, तर प्रत्येक भाकरी हा वेगळा अतिसंवाहक ठरतो आणि स्फटिकातच जोसेफसनच्या सांध्यांची उतरंड तयार होते. २०१४ साली फिलिप मोल आणि सहकाऱ्यांनी व्हॅनेडियम व स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचे जाड थर असलेल्या संयुगात असे नैसर्गिक सांधे दाखवून दिले.

खरा गुंता पुढेच आहे. लोहाच्या थरात इलेक्ट्रॉनांचे एकाहून अधिक गट असतात. एका सिद्धान्तानुसार त्यांच्या कला परस्परविरुद्ध असतात. लेझीम पथकाची एक रांग उजवा पाय टाकते तेव्हा दुसरी डावा, तरी नाच एकच! हे साध्या डोळ्यांना दिसणार कसे? कला मोजता येते ती जोसेफसनच्या सांध्यातच. २०१० साली नायोबियम आणि लोहयुक्त अतिसंवाहक यांचे कडे करून प्रयोग झाला. कड्यातला चुंबकीय प्रवाह एरवी ठरावीक पूर्ण एककांनी बदलतो. इथे तो कधी अर्ध्या एककानेही बदलला. विरुद्ध कलांच्या बाजूने ती महत्त्वाची साक्ष ठरली.

हा खटाटोप कशासाठी? जोड्या कशामुळे जुळतात हे नेमके कळले, तर कमी थंडीतही चालणारा अतिसंवाहक चाचपडत न बसता विचारपूर्वक शोधता येईल. तारांत वाया जाणारी वीज वाचवण्याची वाट या छोट्याशा सांध्यातून जाते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)