बांधावरचं होकायंत्र

वसई तालुक्याच्या पश्चिम किनारपट्टीत, आगाशी, नंदाखाल, राजोडी, सत्पाळा या गावांच्या शेजारात वटार आहे. इथे जमिनीचा हिशेब एकरांत क्वचितच होतो. तो होतो गुंठ्यांत, आणि भांडण त्याहूनही लहान मापावर, हातभर बांधावरून होतं. वाड्या मुळात लहान, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी आणखी लहान झालेल्या. केळी, नारळ, पानवेल, फुलझाडं यांनी भरलेल्या. मधूनमधून बावखलं, म्हणजे पाण्याची लहान तळी, आणि त्यांना वळसा घालून जाणाऱ्या पायवाटा. अशा जागी उभं राहून एखाद्या कडेची दिशा मोजायची तर तळहातावर मावणारं होकायंत्र हे सगळ्यांत साधं साधन आहे. मोजणीच्या व्यवसायाने ते आता जवळजवळ सोडून दिलं आहे. अभियांत्रिकीच्या पदविकेला प्रात्यक्षिकापुरतं ते कपाटातून निघतं आणि परत कपाटात जातं. हद्द ठरवण्याचं काम त्याच्याकडे देऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण जमिनीच्या मालकाला स्वतः पडताळा घेता येईल आणि त्या पडताळ्यातली चूकही दिसून येईल, असं याच्याइतकं सोपं दुसरं यंत्र नाही. त्यासाठी ते वाड्यांमध्ये परत यायला हवं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी यंत्राची ओळख. मोजणीचं प्रिझमॅटिक होकायंत्र म्हणजे पितळेची एक गोल डबी. आत टोकदार खुंटीवर तोललेली चुंबकाची सुई आणि त्या सुईलाच जोडलेली अंशांची हलकी तबकडी. डबीच्या एका कडेला उभी पट्टी असते, तिच्यात घोड्याचा केस ताणून बसवलेला. समोरच्या कडेला फट आणि काचेचा लोलक. फटीतून पाहत केस दूरच्या खुणेवर आणायचा, की त्याच नजरेत लोलकातून तबकडीवरचा आकडा दिसतो. नजर आणि वाचन एकत्र आणण्याची ही युक्ती, जिचं पेटंट चार्ल्स श्मालकाल्डर यांनी लंडनमध्ये १८१२ साली घेतलं, हेच या यंत्राचं सगळं वैभव. तबकडीवर शून्य मात्र दक्षिण टोकाला लिहिलेलं असतं आणि १८० उत्तर टोकाला. नवख्याला हा छापण्यातला घोटाळा वाटतो, पण त्यामागे सरळ कारण आहे: आपण उत्तरेकडे पाहतो तेव्हा डोळ्याजवळचा लोलक तबकडीच्या दक्षिण टोकावर असतो, आणि उत्तरेचं वाचन शून्य यायला हवं. आकडेही उलटे कोरलेले असतात, कारण लोलक ते सुलटे करून दाखवतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ० ते ३६० अंशांत जो कोन मिळतो, त्याला मोजणीवाले बेअरिंग म्हणतात.

या वाचनाची मर्यादा अर्ध्या अंशाची. अर्धा अंश म्हणजे नेमकं किती, हे वटारच्या मापात पाहिलं पाहिजे. पन्नास मीटर लांबीच्या कडेवर अर्ध्या अंशाने दिशा चुकली, तर पलीकडचं टोक सुमारे ४४ सेंटिमीटर सरकतं. दोघांमधला बांध तेवढ्यात गिळला जाऊ शकतो. खरी आणि चुकीची रेषा यांच्यामध्ये जो त्रिकोण पडतो त्याचं क्षेत्र जवळजवळ ११ चौरस मीटर, आणि गुंठा तर १०१ चौरस मीटरचा. म्हणजे गुंठ्याचा दहावा भाग गेला. ज्या गावात गुंठ्याच्या भावाने भावाभावांत अबोला येतो, तिथे एवढी चूक पदरात घेऊन निवाडा करता येत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पळवाट नाही. पण हेच गणित दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवं. चूक लांबीच्या प्रमाणात वाढते, आणि वाडीत सलग नजर जाते तरी किती? केळीच्या ओळीत दहा-पंधरा मीटर. दहा मीटरच्या तुकड्यात अर्धा अंश म्हणजे जेमतेम नऊ सेंटिमीटर. शिवाय तुकड्या-तुकड्यांनी पुढे जाताना होकायंत्राची प्रत्येक दिशा सुईकडून नव्याने मिळते. थिओडोलाइटने मागच्या रेषेवरून पुढचा कोन मोजत गेलं, तर तिसऱ्या मुक्कामावरची चूक चौथ्या, पाचव्या आणि पुढच्या सगळ्या रेषांना वळवते. होकायंत्रात ती तिसऱ्या रेषेपुरती राहते. झाडीतून, बावखलाला वळसा घालत, आखूड तुकड्यांनी जाणाऱ्या वाटेसाठी हा गुण लहान नाही.

खरा धोका वाचनाच्या मर्यादेत नाही, लोखंडात आहे. जवळ लोखंड असलं की सुई त्याच्याकडे ओढली जाते. याला स्थानिक आकर्षण म्हणतात. वसईच्या जुन्या वाडीत कूड लाकडाचे, आणि रहाटातही लाकूडच जास्त. आजच्या वाडीत काटेरी तार आहे, लोखंडी फाटक आहे, बोअरवेलचा पाइप, पंपाची मोटर, बंगल्याच्या खांबांतल्या सळया आहेत. मोजणीची साखळीसुद्धा लोखंडी असते, आणि मोजणाऱ्याच्या खिशात किल्ल्या आणि मोबाइल. एवढ्यावरूनच पुष्कळ जण म्हणतात की आजच्या वस्तीत होकायंत्र निरुपयोगी आहे. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. कारण सुई जिथे फसते, तिथे ती फसल्याचा पुरावा त्याच वहीत उमटतो. समजा वाडीचे चार कोपरे क, ख, ग, घ. क वरून ख कडे पाहिलं तर ४४ अंश ३० मिनिटं, आणि ख वरून मागे क कडे पाहिलं तर २२४ अंश ३० मिनिटं. फरक बरोबर १८० चा, म्हणून ही दोन्ही ठिकाणं निर्दोष धरायला हरकत नाही. पुढे ख वरून ग कडे १२४ अंश ३० मिनिटं, पण ग वरून ख कडे ३०६ अंश ३० मिनिटं. फरक १८२ चा. ख निर्दोष आहे, तेव्हा दोन अंशांचं पाप ग चं. तिथे जवळपास लोखंड आहे आणि सुई दोन अंश जास्त दाखवते. मग ग वरून घ कडे २१४ वाचलं असेल तर ते २१२ करायचं, आणि घ वरून परत ग कडे ३२ आलं की हिशेब जुळला. पन्नास मीटरवर दोन अंशांची चूक म्हणजे पावणेदोन मीटर आणि जवळजवळ अर्धा गुंठा. तीही अशी दोन्हीकडून पाहण्याच्या सवयीने पकडली जाते.

याहून सुंदर गोष्ट अशी की एका ठिकाणी उभं राहून दोन दिशा वाचल्या, तर लोखंड दोन्ही वाचनांना सारखंच ओढतं. ग वरून ख आणि घ या दोन्ही दिशा दोन-दोन अंशांनी चुकतील, पण त्यांच्यातला फरक, म्हणजे ग या कोपऱ्याचा कोन, बरोबरच येईल. सगळ्याच कोपऱ्यांवर सुई फसली तरी चारी कोपऱ्यांच्या आतल्या कोनांची बेरीज ३६० च्या जवळ येते. फार दूर राहिली तर चूक लोखंडाची नाही, मोजणाऱ्याची.

सुईवर बाहेरच्या जगाचा किती परिणाम होतो, याची सगळ्यांत मोठी साक्ष आपल्याच किनाऱ्यावर आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईत कुलाबा वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रॅम येणार हे ठरलं, तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी ओळखलं की रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह या नोंदी नासवणार. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तीही पोरबंदरहून आणलेल्या चुंबकत्वरहित दगडाची; कारण इथल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग इथे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. ट्रॅम १९०७ मध्ये विजेवर धावली. या कामातली दूरदृष्टी मला आजही थक्क करते: जोडकामाची दोन वर्षं मूस यांनी हातची जाऊ दिली नाहीत, म्हणून आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय मालिकांपैकी एक आहे. वटारपासून अलिबाग सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या आत आहे.

इथे कोणी विचारेल की ट्रॅमने वेधशाळा हलवावी लागते, तर विरारपर्यंत विजेच्या लोकल धावत असताना वाडीत सुईवर विश्वास कसा ठेवायचा? पण दोघांच्या मापांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वेधशाळा नॅनोटेस्लाच्या एककात बारीक बदल टिपते. वाडीतली सुई अर्धा अंश वळायला आडव्या दिशेने तीनशेहून अधिक नॅनोटेस्लांची ओढ लागते, आणि ती पाच-सहा किलोमीटरवरच्या रुळांतून येत नाही, पाच-सहा पावलांवरच्या फाटकातून येते. शिवाय कोकणाला निसर्गाने एक सवलत दिली आहे. सुईला धरून ठेवणारा चुंबकत्वाचा आडवा घटक आपल्याकडे ३८ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास आहे, लंडनपेक्षा सुमारे दुप्पट. तोच पाइप, तेवढ्याच अंतरावर, तिथली सुई इथल्यापेक्षा दुप्पट वळवील. जमिनीचीही वटारला अनुकूलता आहे. पूर्वेला जीवदानी आणि तुंगारेश्वरचे डोंगर काळ्या पाषाणाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. तिथल्या उघड्या खडकावर होकायंत्र ठेवणं जोखमीचं. वटारची वाडी मात्र वाळूमिश्रित किनारी जमिनीवर आहे. काळा दगड तिथे जोत्यात आणि विहिरीच्या बांधकामात भेटतो, तेवढा टाळला की झालं.

आणखी एक गंभीर आक्षेप आहे: चुंबकीय उत्तर स्थिर नाही. लंडनमध्ये १५८० साली सुई खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला २४ अंश पश्चिमेला. ज्या देशांत जमिनीच्या दस्तऐवजात कडांची चुंबकीय बेअरिंगच लिहिली गेली, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जुन्या वसाहतींत तसं झालं, तिथे हा बदल पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात उभा राहिला. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीने हा फास गळ्यात घेतलाच नाही. या मोजणीची पद्धत बसवणाऱ्या गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या काळापासून इथे शेत मोजलं गेलं ते शंकू-साखळीने: तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी, पायाची एक सरळ रेषा, आणि शंकूने काटकोन साधून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत घेतलेलं अंतर. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. टिपणात दिशा नाही, लांब्याच आहेत, आणि लांबी वर्षानुवर्षं फिरत नाही. नंतर फलकयंत्र आलं, तेव्हाही त्याच्यासोबतच्या लांबट पेटीतल्या सुईचं काम फळी उत्तरेला लावून देण्यापुरतंच होतं. गावनकाशावरचा उत्तरेचा बाण ही होकायंत्राची तिथली खरी हजेरी. आणि आपल्या भागात खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांच्यातला फरक, कुलाबा-अलिबागच्या पावणेदोनशे वर्षांच्या नोंदींत, एका अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहिला आहे. म्हणून आपला जुना बाण आजच्या सुईशी अजूनही बऱ्यापैकी जुळतो. हे सुदैव आहे, नियम नव्हे. बेअरिंगसोबत तारीख लिहिलीच पाहिजे.

राहिला प्रश्न आजच्या साधनांचा. भूमी अभिलेख विभागाचा भूकरमापक आता रोव्हर घेऊन येतो, उपग्रह आणि जमिनीवरच्या कायम चालू संदर्भ-स्थानकांच्या (कॉर्स) जाळ्यावरून सेंटिमीटरांत ठिकाण सांगतो. हद्द कायम मोजणी त्यानेच व्हावी, यात शंका नको. मात्र दाट नारळ-सुपारीखाली उपग्रहांचे संकेत तुटतात, पानांवरून आणि भिंतींवरून परतून येतात, आणि तिथे मोकळ्या जागेतून आडवं माप घ्यावंच लागतं. मोबाइलमधलं होकायंत्र पुरेसं आहे असं म्हणणाऱ्यांना माझा विरोध जास्त आहे. तेही पृथ्वीचं चुंबकत्वच वाचतं, लोखंडाला तेवढंच फसतं, वर त्याच्या स्वतःच्या स्पीकरमध्ये आणि कव्हरच्या झाकणात चुंबक असतात. त्याला नेम धरायला केसही नाही.

आणि रोव्हरच्या पडद्यावरचा आकडा मालकाला बाहेरून तपासता येत नाही. तो विश्वासाने घ्यावा लागतो. होकायंत्राची वही तशी नाही. मोजणीचा अर्ज करण्याआधी घरातल्या दोघांनी एका सकाळी वाडीभोवती फिरावं. फाटक आणि तारेपासून दूर उभं राहून प्रत्येक कोपऱ्यावरून पुढची आणि मागची, दोन्ही बेअरिंगं घ्यावीत, कापडी टेपने अंतर मोजावं, तारीख टाकावी. कागदावर आकृती काढली की शेवटची रेषा पहिल्या कोपऱ्याला जुळत नाही, थोडी फट राहते. तिच्यावरून आपल्या मोजणीचा भरवसा किती ते कळतं. मोजणीनंतर मिळणारा नकाशा, म्हणजे क-प्रत, हातात येईल तेव्हा तिच्यातल्या कडा या आकृतीशी ताडून पाहाव्यात. दोन-तीन हातांचा फरक निघालाच, तर भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारायचं ते नेमकं कोणत्या कोपऱ्याबद्दल, एवढं तरी अर्जदाराला माहीत असेल.