गांजा, औषध आणि कायदा : गैरसमज व वस्तुस्थिती

ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला : कोणत्याच पिकाला भाव नाही, गांजा लावू द्या. नोव्हेंबरात केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने (एनसीबी) नांदेड जिल्ह्यातल्या मांजरम (ता. नायगाव) इथे आंध्रातून आलेला ट्रक पकडला, आत १,१२७ किलो गांजा. आपल्याकडे या विषयाची चर्चा होते ती भाव आणि छापा यांचीच. रुग्ण त्यात नसतो.

गैरसमज : गांजावर सरसकट बंदी आहे.
१९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातच वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराचा अपवाद आहे. कलम १० नुसार परवाना देण्याचे अधिकार राज्य सरकारचे. सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचलच्या विधानसभेने औषधी लागवडीच्या बाजूने ठराव केला.

गैरसमज : मग तुरीत चार झाडे लावली तर काय बिघडले?
विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. भांगेची पाने एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत खरी, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याखाली भांगेलाही परवाना लागतो.

गैरसमज : गांजाने कॅन्सर बरा होतो.
सर्वांत घातक समजूत हीच. माणसांमध्ये तसे सिद्ध झालेले नाही. केमोथेरपीनंतरची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, यांत गांजातल्या घटकांचा उपयोग दिसला आहे. जुनाट वेदनांबाबत तज्ज्ञांतच मतभेद आहेत. अमेरिकेने २०१८ मध्ये एपिडिओलेक्स हे औषध मंजूर केले ते लहानपणी जडणाऱ्या दोन दुर्मिळ, गंभीर अपस्मारांसाठी. त्यात गांजातला सीबीडी हा घटक शुद्ध करून घातलेला असतो. नशा आणणारा टीएचसी हा घटक वेगळा. मात्रा ठरलेली, तपासणी ठरलेली. चिलमीत यातले काय असते?

गैरसमज : संयुक्त राष्ट्रांनी गांजा मोकळा केला.
डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी तो १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून निघाला. भारताचे मत बाजूने होते. पहिल्या यादीतले नियंत्रण मात्र कायम आहे.

माझ्या मते वाट मॉर्फिन या वेदनाशामकाचीच हवी. ते अफूपासून बनते, तेही एनडीपीएस कायद्याखालीच येते, आणि २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णांसाठी त्याची परवाना-पद्धत सोपी केली. आधी चाचण्या आणि प्रमाणित औषध, मग लागवड.

तोवर घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, तर कुणाच्या सांगण्यावरून उपचार थांबवू नका. वेदना असह्य असतील तर डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल स्पष्ट विचारा.