‘डिस्क वाकली’ : एका क्रियापदाचा विचार

१८२१ साली इंग्रजांची छावणी म्हणून वसलेल्या कामठीत ‘डिस्क’ हा शब्द परका वाटत नाही. विचार करावयास हवा तो ‘वाकली’ या क्रियापदाचा. मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबताना लिव्हर धडधडली की ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. हे क्रियापद लक्षण सांगत नाही, कारणच गृहीत धरते. वस्तुतः पुष्कळदा पॅडचा थर डिस्कवर विषम बसलेला असतो, किंवा तिची जाडी असमान झिजलेली असते. अशा वेळी ती ठोकून सरळ करणे व्यर्थ, किंबहुना घातक होय. डायल गेजने डिस्कचा डोल व मायक्रोमीटरने जाडी मोजावी. अनेक गाड्यांत डोलाची मर्यादा ०.३ मिलिमीटर असते. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. जाडी त्याहून कमी भरल्यास डिस्क बदलावीच. तोवर ‘लिव्हर धडधडते’ एवढेच म्हणावे. निदान मापाने ठरावे, शब्दाने नव्हे.