गड कोणता, गुडघा कुणाचा?

पावसाची पहिली सर आली की वसई-विरारच्या मंडळींचे पाय डोंगराकडे वळतात. हल्ली कॉलेजच्या मुलांबरोबर पन्नाशीची जोडपीही निघतात. ही आनंदाचीच गोष्ट. मात्र सोमवारी सांडोरच्या माझ्या दवाखान्यात सुजलेले गुडघे आणि मुरगळलेले घोटे येतात, तेव्हा चौकशीत बहुधा एकच कळते: मित्रांना झेपणारा डोंगर यांनी स्वतःसाठी निवडलेला असतो.

युरोपात बर्फावर स्कीइंग करतात, तिथे प्रत्येक उताराला रंगाची खूण असते. हिरवा-निळा नवशिक्यांना, लाल सरावलेल्यांना, काळा पट्टीच्या खेळाडूंना. आपल्या गडवाटांवर अशी पाटी नाही. सहलीच्या जाहिरातीत ‘सोपा ट्रेक’ असे छापतात, पण सोपा कुणाला? तेव्हा रंग आपले आपणच ठरवावेत.

माझ्या हिशेबी वसईचा किल्ला हिरवा. जमीन सपाट, दमलात तर कुठेही बसा. आसनगावजवळचा माहुली (सुमारे २८०० फूट) लाल. चढ दमवतो आणि माथ्याजवळ शिडी आहे. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर; तिथे शिड्या असल्या तरी सराव नसलेल्याने जाऊ नये. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या आणि दोर लागणारा अलंग-मदन हे काळेच.

विरारच्या जीवदानीला मात्र कोणता रंग द्यावा? तेराशेच्या वर पायऱ्या आहेत, पण लोक तिला डोंगर समजतच नाहीत, देवदर्शन समजतात. वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला गृहस्थ नवरात्रात उपास धरून, मधुमेहाची गोळी घेऊन, भर दुपारी चढू लागतो. रिकाम्या पोटी साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. उपासाच्या दिवशी गोळी किंवा इन्शुलिन किती घ्यावे हे आदल्या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. देवी रागावणार नाही.

निवड करण्यापूर्वी घरच्या जिन्यावर परीक्षा घ्या. चार मजले, म्हणजे साठेक पायऱ्या, नेहमीच्या चालीने न थांबता चढा. मिनिटभरात वर पोहोचून पूर्ण वाक्य बोलता आले तर ठीक. दीड मिनिटापेक्षा जास्त लागले तर महिना-दोन महिने रोज चालून मगच माहुलीचा विचार करावा. ज्यांना हृदयविकार आहे किंवा चालताना छाती भरून येते, त्यांनी ही परीक्षाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

चढताना दम लागतो म्हणून सारे चढाचीच धास्ती घेतात. गुडघ्याचा खरा शत्रू उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात; म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात. स्नायू थकले की पाय नीट पडत नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर तेवढे पुरते. म्हणून अर्धी ताकद उतरण्यासाठी राखून ठेवावी. गुडघे झिजलेल्यांनी काठी वापरावी, लहान पावले टाकावीत, लाज कसली?

कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी माथा गाठावा. दर थोड्या वेळाने पाणी, मधूनच जलसंजीवनी.

आणि गट निघाला की रंग ठरवावा तो सर्वांत कच्च्या माणसाला पाहून. तो मागे पडू लागला तर सगळ्यांनी थांबावे. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, गार घाम यांपैकी काहीही झाले तर ‘गॅसेस असतील’ म्हणून वर चढत राहू नये. तिथेच बसवावे, १०८ ला फोन लावावा. रेंज नसेल तर दोघांनी खालच्या गावात धावावे, बाकीच्यांनी रुग्णापाशी थांबावे.