प्रार्थना जड जाते तेव्हा

"फादर, हल्ली प्रार्थनेला बसले की काहीच वाटत नाही." असे सांगणारा माणूस बहुधा मनातून ओशाळलेला असतो. आपली श्रद्धा पातळ झाली, अशी त्याची समजूत असते. पण ख्रिस्ती परंपरेत ज्यांनी प्रार्थनेविषयी सर्वांत खोलवर लिहिले, त्यांच्यापैकी अनेकांना ती फार जड गेली आणि त्यातून निघायच्या वाटाही त्यांनीच शोधल्या. या वाटांपैकी दोन तर पुण्यावरून जातात.

सोळाव्या शतकातली स्पेनमधील संत तेरेसा (१५१५–१५८२) हिला चर्चने प्रार्थनेची आचार्या मानले. तिने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे, की कित्येकदा प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडेच तिचे लक्ष असे. एका काळात तर तिने वर्षाहून अधिक दिवस मनन-प्रार्थना सोडूनच दिली होती. पुढे तिने बागेला पाणी घालण्याचे चार प्रकार सांगितले: विहिरीतून हाताने शेंदणे, रहाट, ओढ्याचा पाट आणि पाऊस. विहीर कोरडी असली तरी पोहरा सोडत राहावा. आपले काम तेवढेच, पाणी देवाचे, असे तिचे म्हणणे. तिचा व्यावहारिक उपाय आणखी साधा होता. सुमारे १८ वर्षे ती हाताशी पुस्तक असल्याशिवाय सहसा प्रार्थनेला बसत नसे. मन भरकटले की पान उघडायचे.

स्वतःचे शब्द आटले की दुसऱ्याचे उसने घ्यावेत, हा तर फार जुना मार्ग. बायबलमधल्या १५० स्तोत्रांत आनंदाची आणि उपकारस्तुतीची स्तोत्रे आहेत, तशी तक्रारीचीही पुष्कळ आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस असा गप्प राहणार, असे त्यांत थेट विचारलेले आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. ८८वे वळत नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते धर्मग्रंथात ठेवले गेले. येशूने क्रुसावर २२व्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली, म्हणजे तीव्र वेदनेच्या घडीला त्यानेही पूर्वजांचेच शब्द घेतले. ज्याला देवाचा राग आला आहे, त्याने गोड बोलण्याचा आव आणण्यापेक्षा अशा स्तोत्राला आवाज द्यावा. मराठी मंडळ्यांत हेच काम भजनेही करतात. नारायण वामन टिळकांची पदे ज्यांना लहानपणापासून पाठ आहेत, त्यांना दुःखात नवे शब्द जुळवावे लागत नाहीत.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी म्हटला जाणारा तेर्स, म्हणजे रोझरी, हाही उसन्या शब्दांचाच आधार. बोटे मण्यांवरून सरकतात आणि थकलेल्या मनाला लय मिळते. पण सर्वांना तीही जमत नाही. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजला (१८७३–१८९७) एकटीने रोझरी म्हणणे अत्यंत कठीण जाई, प्रार्थनेत डुलकीही लागे. मन कोरडे पडले की ती 'प्रभूची प्रार्थना' एकदाच, अगदी सावकाश म्हणे. बाराव्या शतकातला मठवासी ग्विगो यानेही घाई न करणारी पायवाट आखून दिली: शास्त्रातला छोटा उतारा वाचायचा, त्यावर मनन करायचे, त्यातून देवाशी बोलायचे आणि मग नुसते बसून राहायचे.

आता पुण्याकडे. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. १९७८च्या 'साधना' पुस्तकात त्यांनी शरीरातल्या संवेदना, श्वास आणि भोवतालचे आवाज यांकडे लक्ष देण्यापासून सुरुवात केली. डोक्यात विचारांची गर्दी असेल तर त्यांच्याशी झगडू नका, शरीरात या, असा त्यांचा रोख. भारतीय साधनापद्धतींचे ऋण त्यात उघड आहे. त्यांच्या काही मतांबाबत, विशेषतः नंतरच्या लेखनातल्या, व्हॅटिकनने १९९८ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला, हेही नोंदवायला हवे.

दुसरी वाट ऑस्ट्रियन जेझुइट जोसेफ नॉयनर यांची. ते पुण्यात धर्मशास्त्र शिकवत. १९६१ मध्ये कोलकात्यात मदर तेरेसांनी त्यांच्यापाशी मन मोकळे केले: गरिबांमधले काम सुरू झाल्यापासून त्यांना देवाचे सान्निध्य जाणवेनासे झाले होते. नॉयनर यांनी उपाय सांगितला नाही. यावर मानवी इलाज नाही. जाणवणे हा देव असल्याचा एकमेव पुरावा नाही. त्याच्यासाठी जीव तळमळतो, हीच त्याच्या गुप्त सहवासाची खूण आहे, असे त्यांनी सांगितले. अंधार गेला नाही, पण मदर तेरेसांना त्याच्यासोबत जगता येऊ लागले. त्यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले.

अशा काळासाठी जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा नियम ध्यानात ठेवावा: मन उदास असताना आधीचे निर्णय बदलू नयेत आणि प्रार्थनेची ठरलेली वेळ कमी करू नये, उलट थोडी वाढवावी. मात्र प्रत्येक अंधार आध्यात्मिकच असतो असे नाही. 'काळोख्या रात्री'वर लिहिणाऱ्या क्रुसाच्या संत योहानानेही (१५४२–१५९१) ती आणि मनाचा आजार यांत फरक ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्याने श्रद्धेला कमीपणा येत नाही.

ज्याला बसणेच शक्य नाही, त्याच्यासाठी पॅरिसच्या मठातला बंधू लॉरेन्स आहे. सतराव्या शतकात तो स्वयंपाकघरात राबे आणि काम करता करताच देवाशी बोले.

आणि जिथे काहीच चालत नाही तिथे? मार्कच्या शुभवर्तमानात चार जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, छप्पर उकलून त्याला येशूपुढे सोडतात. येशू पाहतो तो त्यांचा विश्वास. तो आजारी माणूस तोंडातून एक शब्दही काढत नाही. मंडळी असते ती यासाठीच. म्हणून पहिला उपाय एकट्याने दात-ओठ खाऊन करायचा नाही. विश्वासातल्या एका माणसाला सांगायचे, "सध्या मला जमत नाही, माझ्या वाटची तू कर." पुढे जेव्हा त्याला जमणार नाही, तेव्हा आपण करायची.